बायोप्सीचा रिपोर्ट लांबला, म्हणजे काय समजायचं?

त्वचेची बायोप्सी (तपासणीसाठी छोटा तुकडा काढणं) करून रिपोर्टची वाट बघणाऱ्यांसाठी म्हणून एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. काळजीपोटी तो पुढे ढकलणारे पुष्कळ आहेत. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: डागाला किंवा गाठीला सुरी लागली की रोग भडकतो, चार दिवसांत रिपोर्ट आला नाही तर कॅन्सरच समजा, वाट बघताना वाईट विचार केलेत तर रिपोर्टही तसाच येतो, बाहेर कुणाला कळू देऊ नका, आणि रिपोर्ट वाईट निघालाच तर तो पेशंटच्या हाती पडू देऊ नका.

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. त्वचेचा तुकडा निघाल्यापासून तो पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरांच्या, सूक्ष्मदर्शकाखाली जाईपर्यंतचं काम आमच्या हातून होतं. "ताई, काही कळलं का हो?" असं काउंटरवर येऊन विचारणाऱ्यांच्या जिवाला आधीच घोर लागलेला असतो, त्यात हा मजकूर. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

सुरी लागली की रोग भडकतो

त्वचेच्या बायोप्सीने कॅन्सर पसरतो याला आधार नाही. मेलानोमा हा त्वचेच्या कॅन्सरमधला सर्वांत आक्रमक समजला जाणारा प्रकार. त्यातसुद्धा डागाचा काही भागच काढून तपासलेले रुग्ण आणि अख्खा डाग काढून तपासलेले रुग्ण यांची तुलना झालेली आहे. नुसता तुकडा काढल्यामुळे रुग्ण कमी जगले असं दिसलेलं नाही. मेलानोमाचा संशय असला की डॉक्टर शक्यतो पूर्ण डाग काढतात, ते तो किती मिलिमीटर खोल गेला आहे हे नीट मोजता यावं म्हणून. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये या मापाचं महत्त्व दाखवून दिलं आणि आजही पुढचे उपचार त्यावर ठरतात. यकृतासारख्या काही अवयवांत सुईच्या वाटेने पेशी पसरल्याची उदाहरणं क्वचित आहेत, हे खरं. पण ती भीती उचलून त्वचेवर आणणं चूक आहे.

"बायोप्सी केली आणि महिनाभरात वाढलं" असं सांगणारे भेटतात, ते खोटं बोलत नसतात. मलमं, झाडपाला, "बघू पुढच्या महिन्यात" असं करत बायोप्सीपर्यंत पोचायलाच कित्येकदा वर्ष गेलेलं असतं. रोग वाढतच होता, त्याला नाव तेवढं बायोप्सीनंतर मिळालं.

आणि मुळात आपल्याकडे त्वचेची बायोप्सी बहुतेक वेळा कॅन्सरसाठी नसतेच. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर लायकेन प्लॅनस, सोरायसिस, कुष्ठरोग, त्वचेचा क्षय, पेम्फिगस अशी नावं असतात आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. डोळ्यांना सारखे दिसणारे चट्टे आतून वेगळे असतात. औषध बरोबर पडावं म्हणून तुकडा काढतात.

चार दिवसांत रिपोर्ट आला नाही तर कॅन्सरच

सर्वांत जास्त माणसं याच वाक्याने खचतात, म्हणून आत काय चालतं ते सविस्तर सांगते.

पंच बायोप्सीचा, म्हणजे गोल पात्याने काढलेला, तुकडा असतो तीन-चार मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो लगेच फॉर्मलिनच्या, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत टाकतात. फॉर्मलिन आतपर्यंत मुरायला काही तास द्यावेच लागतात. मग तुकडा प्लास्टिकच्या जाळीदार कॅसेटमध्ये जातो. कॅसेटवरचा नंबर आम्ही पेन्सिलने लिहितो, कारण पुढच्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये साधी शाई धुऊन निघते आणि नंबर पुसणं आम्हाला परवडत नाही. रात्रभर मशीनमध्ये तुकड्यातलं पाणी काढून त्याच्या जागी मेण भरलं जातं. सकाळी तो मेणाच्या साच्यात बसवायचा. त्वचेचा तुकडा कडेवर उभाच बसवावा लागतो, तरच वरचं आवरण, त्याखालची त्वचा आणि चरबी एकाच कापात दिसते. जरा कलला तरी मेण वितळवून पुन्हा बसवायचा. मग मायक्रोटोम या काप घ्यायच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप घ्यायचे, त्यांची रिबीन कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या निघाल्या की काचपट्टीवर अलगद उचलायची, वाळवायची आणि रंगवायची. इथवर येऊनही रिपोर्ट काय येणार हे लॅबमध्ये कुणालाच ठाऊक नसतं. साध्या रिपोर्टला कामाचे चार ते सात दिवस लागतात, मध्ये रविवार किंवा सणाची सुट्टी आली की आणखी.

यानंतर पॅथॉलॉजिस्टला शंका आली तर त्या आणखी खोलवरचे काप मागतात. कुष्ठरोगाचे जंतू शोधायला फाइट-फराको हा वेगळा रंग लागतो, बुरशीसाठी पीएएस. फोड येणाऱ्या आजारांत दुसरा तुकडा वेगळ्या द्रावणातून इम्युनोफ्लोरेसन्स या चमकणाऱ्या रंगाच्या तपासणीला जातो. काही वेळा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणारी खास तपासणी, करावी लागते आणि ती सोय नसेल तर ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, बाहेर पाठवावा लागतो. क्षयाचा संशय असेल आणि कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) लावलं असेल तर त्याला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. यातल्या कितीतरी तपासण्या कॅन्सर नाही याची खात्री करण्यासाठीच असतात. उलट ठळक कॅन्सर पहिल्याच स्लाइडवर ओळखू येतो आणि त्याचा रिपोर्ट चार दिवसांतही जाऊ शकतो. दिवस मोजून रिपोर्ट ओळखता येत नाही.

याच्या उलटा समजही तितकाच घातक: फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक. रिपोर्ट तयार होऊन कपाटात पडून राहतात, चुकीच्या नंबरवर फोन जातात. म्हणून बायोप्सीच्या दिवशीच विचारून घ्या की रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल, तो कुणाकडून घ्यायचा, आणि लॅबचा नंबर काय. ती तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. त्याआधी रोज फोन करून हाती काही लागत नाही, जीव मात्र रोज नव्याने टांगणीला लागतो.

वाईट विचार केले तर रिपोर्टही तसाच येतो

मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपण सगळेच म्हणतो. पण ज्या क्षणी तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला, त्या क्षणी त्यातल्या पेशी होत्या तशा थांबल्या. नंतरच्या दिवसांत तुम्ही रडलात, रात्रभर जागलात, मनात नको ते आलं, तरी त्या बाटलीत काहीही बदलत नाही. वाट बघणाऱ्या माणसाने घाबरायचं आणि वर घाबरलो म्हणून स्वतःलाच दोष द्यायचा, हे फार क्रूर आहे.

ही भीती मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्यासारखीही नाही. स्तनाची बायोप्सी झालेल्या स्त्रियांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक मोजणारा एक अभ्यास अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना निदान अजून कळलेलं नव्हतं, त्यांच्यातला ताणाचा आलेख कॅन्सर निघालेल्यांच्या आलेखासारखाच होता. नुसतं न कळणं शरीराला इतकं जड जातं. "एवढं काय टेन्शन घेतेस" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्यांचा अभ्यास केला. मन रमवायचे, आशावादी राहायचे नेहमीचे उपाय त्यांची बेचैनी फारशी कमी करू शकले नाहीत. आणि वाट बघताना ज्यांनी जास्त काळजी केली, त्यांनी निकाल आल्यावर तो जास्त चांगला पेलला. परीक्षा आणि आजार एक नव्हेत, पण हसतमुख राहायची सक्ती निरर्थक आहे एवढं यातून नक्की कळतं.

मग काय करायचं? रोज अर्धा तास काळजीसाठी नेमून द्या. संध्याकाळची वेळ, एक ठरलेली खुर्ची, अंथरुणापासून लांब. मनात येईल ते कागदावर उतरवा. इतर वेळी विचार आला की त्याला संध्याकाळवर ढकला. पहिले दोन-तीन दिवस जमत नाही, मग जमू लागतं. बाकीच्या वेळात असं काम घ्या ज्यात हात आणि डोकं दोन्ही गुंततील: शिवण, हिशेब, वाद्याचा रियाज. टीव्ही लावून बसण्याने तेवढं होत नाही. आणि नेटवर त्वचारोगांचे फोटो बघणं कटाक्षाने बंद करा. झोप, जेवण सुटलं, छातीत सारखं धडधडू लागलं तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

बाहेर कुणाला कळू देऊ नका

गावभर सांगायची गरज नाही, पण एका तरी माणसाला सांगा. त्यालाच सोबत घेऊन रिपोर्ट आणायला जा. हा सल्ला लोकांना पटतो त्यामागे कॅन्सरइतकीच कुष्ठरोगाची भीती असते, विशेषतः चट्टा बधिर असला की. ज्या महाराष्ट्रात १९४९ मध्ये आनंदवन उभं राहिलं, तिथे आजही एखादी मुलगी चट्टा ओढणीखाली झाकून एकटीच लॅबमध्ये येते, हे बघून वाईट वाटतं. कुष्ठरोग बरा होतो. बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाहून जास्त औषधांचा एकत्र उपचार, सरकारी केंद्रात मोफत मिळतो, आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. उपचार सुरू झाले की संसर्ग पसरायचा थांबतो. २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारणही राहिलेलं नाही. लपवण्यात वेळ गेला तर मात्र नसांची हानी होते, आणि ती औषधाने भरून येईलच असं नाही.

रिपोर्ट पेशंटपासून लपवा

घरच्यांच्या चेहऱ्यावरून पेशंटला कळतंच, फक्त त्याला कुणाशी बोलता येत नाही. शिवाय रिपोर्ट वाईट निघाला तरी सगळं संपलं असं नसतं. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर दुसऱ्या अवयवांत क्वचितच पसरतो आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो. तेव्हा रिपोर्ट हातात आला की तो पेशंटसमोर, डॉक्टरांकडे बसून वाचा आणि तीन गोष्टी विचारा: निदान पक्कं आहे की आणखी तपासणी हवी, पूर्ण भाग निघाला आहे का, आणि पुढची तारीख कोणती. शंका राहिली तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेता येतं. त्यासाठी सहसा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडे जपून ठेवलेले असतात, लेखी मागितले की मिळतात, आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ते पुन्हा तपासून देतात. मागायला संकोच करू नका, ते तुमचेच आहेत.