माझ्या पर्समधला चाकू

पर्समधून घडीचा चाकू काढून पेरू कापायला घेतला की समोरचं माणूस हमखास विचारतं, "स्वसंरक्षणासाठी ठेवतेस का गं?" एसटीत, ऑफिसात, लग्नाच्या हॉलवर, सगळीकडे हा प्रश्न ऐकलाय. विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, तरी मला दर वेळी वाईट वाटतं. बाईजवळ चाकू म्हणजे भीती आणि पुरुषाजवळ चाकू म्हणजे गुंडगिरी, एवढंच आपल्याला सुचतं. चाकू म्हणजे काम, हे कुणाच्या मनात येतच नाही.

आणि पेरू कापायचा हा माझा चाकू मारामारीच्या उपयोगाचाही नाही. त्याला लॉक नाही. पातं उघडं राहतं ते मुठीच्या पाठीला बसवलेल्या स्प्रिंगच्या पट्टीमुळे. तो कशात खुपसायला गेलात तर पातं मिटून आपल्याच बोटांवर यायचं. पेरू, पार्सल, सुतळी, पेन्सिल, उसवलेला दोरा यांच्यासाठीच ही रचना आहे.

मला हे वेड आजोबांकडून आलं. ते रत्नागिरीकडे आंब्याची कलमं बांधायचे. जुलै-ऑगस्टच्या पावसात पडवीत बसून एकामागून एक कोय कलमं. कोयीतून नुकतंच वर आलेलं, तांबूस पानांचं कोवळं रोप घ्यायचं, त्याचा शेंडा उडवायचा, दांड्याला मधोमध चीर द्यायची. मग हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट आवळायचं. काडीवर चाकू एकदाच फिरायला हवा. दोनदा फिरला की काप खडबडीत होतो, साल सालीला नीट भिडत नाही आणि कलम मरतं. म्हणून त्यांच्या चाकूला एकाच बाजूनं धार होती, दुसरी बाजू सपाट. रोज संध्याकाळी सहाणेवर पाणी शिंपडून ते धार करत. आम्ही मागितला तर चाकू कधी हातात देत नसत, मिटून जमिनीवर ठेवत. हातात चाकू दिला की भांडण होतं म्हणे. मीही अजून तसाच ठेवते.

आता माझ्याकडे 23 चाकू आहेत. एक रामपुरी सोडला तर त्यातला एकही कपाटातला नाही, आळीपाळीनं सगळे पर्समध्ये येतात. सगळ्यात लाडका फ्रान्सचा ओपिनेल, 8 नंबरचा. तिथल्या आल्प्सच्या डोंगराळ सावुआ भागातल्या जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये हा चाकू केला, तो शेतकऱ्या-गुराख्यांच्या खिशासाठी. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं. उघडं पातं मिटू न देणारी फिरती कडी 1955 साली आली. आपल्या पावसात त्याची मूठ फुगते आणि पातं आत अडकून बसतं. पहिल्या वर्षी मी नखं तोडून घेतली. मग कळलं की तिकडची माणसं मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, की पातं थोडं वर येतं. कोकणातल्या जोत्यावरही ते तितकंच चालतं.

त्याचं कार्बन स्टीलचं, म्हणजे स्टेनलेस नसलेलं, पातं आता करडं-निळं झालंय. कैरी, केळफूल, सुपारी, जे जे कापलं त्याचा डाग त्यावर आहे. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून काळी शाई बनते, तसंच हे, तुरट रसाची लोखंडाशी गाठ पडली की काळं होतं. हा गंज नाही, उलट गंजाला थोडा आवरच घालतो. गंज लागला तो माझ्याच चुकीनं, कैरी कापून न पुसता रात्रभर मिटून ठेवला होता. सकाळी धारेशी बारीक खड्डे पडलेले. एक खड्डा अजून बोटाला लागतो.

जपानचा हिगोनोकामी हा घडीचा चाकू पाहिला की मात्र पोटात तुटतं. दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ आणि मागे आलेली छोटी दांडी, ती अंगठ्यानं दाबून धरायची. एके काळी तिथल्या शाळकरी मुलांच्या खिशात तो पेन्सिलीसाठी असायचा. 1960 साली समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा भर सभेत तलवारीनं खून झाला, आणि मुलांच्या हातात चाकू नको म्हणून मोहीम उभी राहिली. खून तलवारीनं, आणि हद्दपार झाला पेन्सिलीचा चाकू! आपल्याकडे सिनेमातल्या खटक्याच्या रामपुरीनं तेच केलं. माझ्याकडे एक रामपुरी आहे, त्याच्या कारागिरीसाठी. तो मी बाहेर नेत नाही, आणि कुणी नेऊही नये.

कायद्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू धोकादायक शस्त्रांत मोडतात, घरकाम-शेतीची अवजारं वगळून. माझी पाती तीन-साडेतीन इंचांची. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा मनाई आदेश असेल, मोर्चा-मिरवणूक असेल, विमानाची हातातली बॅग किंवा मेट्रो असेल, तर चाकू घरी. यात मी कधीच वाद घालत नाही.

गेल्या महिन्यात नऊ वर्षांच्या भाच्याला पेन्सिल तासायला शिकवलं. ताई सुरुवातीला चिडली, "मावशी म्हणून हेच शिकवायचं का?" मी म्हटलं, तू शेजारी बस. चाकू अंगापासून लांब, पेन्सिल डाव्या हातात, आणि डाव्या अंगठ्यानं पात्याच्या पाठीला हळूच रेटायचं. उजव्या हातानं जोर करायचाच नाही, तो फक्त धरतो. पहिली तीन टोकं मोडली. चौथ्या वेळी पातळ, लांब साल निघाली आणि गोल वळत त्याच्या मांडीवर पडली. त्यानं ती उचलून वासही घेतला. मग चाकू मिटला, माझ्या हातात देणार तेवढ्यात थांबला आणि जमिनीवर ठेवला.