गोव्यातल्या खाणी: ‘सुरू करा म्हणजे झालं’ हे खरं का नाही

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींबद्दल एक मजकूर गेली काही वर्षं मोबाइलवरून फिरतो आहे. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. कोर्टाने आणि पर्यावरणवाल्यांनी २०१२ मध्ये खाणी बंद पाडल्या. तीन लाख लोक बेकार झाले. ट्रकवाले चैनीपायी कर्जात बुडाले. परप्रांतीय कामगार आपापल्या गावी गेले, त्यांचा प्रश्न मिटला. आता खाणी सुरू करा, सगळं पूर्ववत होईल.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना खाणपट्ट्यातल्या लोकांची कळकळ असते, याबद्दल शंका नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य कुणाचं तरी देणं झाकतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘कोर्टाने खाणी बंद पाडल्या’

क्रम असा होता. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने नेमलेल्या न्या. एम. बी. शाह आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. १० सप्टेंबरला राज्य सरकारनेच खाणकाम स्थगित केलं. १४ सप्टेंबरला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण परवाने स्थगित ठेवले. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्यानंतर, ५ ऑक्टोबरला आला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की पट्ट्यांची, म्हणजे खाणी चालवण्याच्या भाडेकरारांची, मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. त्यानंतर उपसलेला माल कायद्याच्या आधाराविना काढला गेला होता.

बाजारही तोवर उतरला होता. २०११ च्या सुरुवातीला टनामागे १९० डॉलरच्या आसपास असलेला आंतरराष्ट्रीय भाव सप्टेंबर २०१२ मध्ये ९० च्या खाली आला. त्याआधी, ३० डिसेंबर २०११ ला, केंद्राने निर्यात शुल्क २० टक्क्यांवरून ३० टक्के केलं होतं. म्हणजे बंदी आली तेव्हा बाजार आधीच मंदीत होता.

तारखांचा हा घोळ का निस्तरायचा? कारण त्यावर कामगाराची भरपाई ठरते. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५एफएफएफ नुसार आस्थापना ‘मालकाच्या आवाक्याबाहेरच्या अपरिहार्य कारणाने’ बंद पडली, तर भरपाई जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या सरासरी पगाराएवढी. एरवी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार. याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की आर्थिक अडचण, न खपलेला साठा किंवा पट्ट्याची अथवा परवान्याची मुदत संपणं, एवढंच कारण असेल तर ते अपरिहार्य मानता येत नाही. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तीन महिन्यांचा पगार मिळणं आणि दहा महिन्यांचा मिळणं यातला फरक या एका ओळीवर उभा आहे. ‘कोर्टाने बंद केलं, आमचा इलाज नव्हता’ हे वाक्य कामगारानेच मान्य केलं, की तो आपल्याच हाताने ही ओळ खोडतो.

‘तीन लाख लोक बेकार झाले’

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. त्यात काम करणारे सगळे मिळून, म्हणजे शेतकऱ्यापासून हॉटेलातल्या वेटरपर्यंत, पावणेसहा लाखांच्या घरात. तीन लाख बेकार म्हणजे राज्यातला दर दुसरा कमावता माणूस. खाणी प्रामुख्याने डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि नंतर वेगळा झालेला धारबांदोडा या तालुक्यांत. आकडा जुळतच नाही. नोकऱ्या आणि त्यांच्यावर पोसली जाणारी घरातली माणसं यांची बेरीज करून त्या बेरजेलाच ‘बेकार’ म्हटलं, की असे आकडे तयार होतात.

आकडा फुगवल्याने कामगाराचा काही फायदा होत नाही. उलट, कोण कुठल्या पायरीवर उभा होता हेच दिसेनासं होतं. कंपनीच्या पटावरचा कामगार पहिल्या पायरीवर. वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर त्याला ले-ऑफच्या (काम नसल्याने घरी बसवल्याच्या) काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम, शिवाय पीएफ आणि ग्रॅच्युइटी. दुसऱ्या पायरीवर कंत्राटदाराचा मशीन ऑपरेटर. ठेकेदाराने पगार बुडवला तर त्या वेळी लागू असलेल्या कंत्राटी कामगार कायदा, १९७० च्या कलम २१(४) नुसार मूळ मालकाने, म्हणजे खाण कंपनीने, तो द्यायचा होता. तिसरा ट्रकमालक. तो कागदावर धंदेवाला असल्याने कामगार कायद्यात बसतच नाही. चौथ्या पायरीवर त्या ट्रकवरचा ड्रायव्हर आणि क्लिनर. आणि मग नदीतून माल नेणाऱ्या बार्जवरचे खलाशी, जेटीवरचे लोक, गॅरेज, टायर रिमोल्डिंग, खानावळ, भाड्याच्या खोल्या. एकाच दिवशी काम थांबलं, पण हातात काय पडलं ते पायरीगणिक वेगळं.

‘ट्रकवाल्यांनी चैन केली’

इथे सगळ्यात जास्त अन्याय होतो, म्हणून हिशेब मांडतो.

गोव्यात खाणकामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरतं, मालाची वाहतूक थांबते, नदीच्या मुखाशी बार्ज नेणं धोक्याचं होतं. पण बँकेचा हप्ता बाराही महिने असतो. दहा लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, ६० हप्ते धरले तर महिन्याला साधारण २२,२५० रुपये, वर्षाला २,६७,०००. ही रक्कम आठ महिन्यांत काढायची म्हणजे चालू महिन्यात हप्त्यापोटीच ३३,३७५ रुपये बाजूला पडले पाहिजेत. डिझेल, टायर, ड्रायव्हर, विमा, फिटनेस हे त्यानंतर.

आता बंदी कधी आली पाहा. १० सप्टेंबरला. म्हणजे पावसाळ्याचे हप्ते साठवलेल्या पैशातून भरून झाले आहेत, आणि हंगामासाठी टायर, स्प्रिंगपाटे, बॉडीचं वेल्डिंग, पासिंग हे सगळं उधारीवर उरकलं आहे. वर्षातला हातात सर्वांत कमी पैसा आणि डोक्यावर सर्वांत जास्त देणं, असा नेमका तो काळ. हीच बंदी फेब्रुवारीत आली असती तर निदान चार महिन्यांची कमाई पदरात असती.

‘मग ट्रक विकायचा’ असंही सांगितलं जातं. ट्रकवर बँकेचा बोजा असतो; बँकेची ना-हरकत मिळाल्याशिवाय नावावर करून देता येत नाही. शिवाय एकाच भागात सगळेच टिप्पर एकाच वेळी विक्रीला निघाले की गिऱ्हाईक कोण? खनिजासाठी बांधलेली छोटी, मजबूत बॉडी इतर मालाला गैरसोयीची. उभा राहिलेला ट्रक झपाट्याने खराब होतो: बॅटरी उतरते, टायरला बाजूने भेगा जातात, टिपिंगच्या हायड्रॉलिकचे सील सुकतात. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक (एनपीए). नाव एकदा पतमाहितीत खराब झालं की दुसऱ्या धंद्यासाठी कर्ज मागायची वाटही बंद.

आणि ट्रक घेतला कुणी? डंपचा, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाचा, गाळ पावसात शेतात उतरून ज्यांची भातशेती गेली, ज्यांच्या विहिरी आटल्या, अशी अनेक घरं त्यांत होती. शेत गेलं म्हणून ट्रक आला. त्याला चैन म्हणणं बरोबर नाही. ज्यांनी चढत्या भावात एकाचे तीन ट्रक केले तेही होते, त्यांचा अंदाज चुकला हे खरं. पण त्याच अंदाजावर कर्ज देणाऱ्या बँकांना आणि पतसंस्थांना कुणी चैनखोर म्हणत नाही.

‘परप्रांतीय गावी गेले, प्रश्न मिटला’

माणूस गेला, त्याचे पैसे इथेच राहिले. बाहेरून आलेल्या कामगारांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. त्यात विस्थापन भत्ता आणि जाण्यायेण्याचं भाडं दोन्ही होतं. पण तो लागायचा पाच किंवा जास्त स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनेला वा कंत्राटदाराला. मोटार वाहतूक कामगार कायद्यालाही पाच माणसांचीच अट होती. एक ट्रक, एक ड्रायव्हर, एक क्लिनर आणि ट्रिपमागे रोकड, अशी रचना असल्यावर दोन्ही कायदे दाराबाहेरच थांबायचे. कोडलीच्या खाणीपासून जेटीपर्यंत दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच रजिस्टरात नसे.

ज्यांचं नाव होतं, त्यांनाही पुढील गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत.

पीएफ: नोकरी बदलली तरी कायम राहणारा एकच यूएएन क्रमांक २०१४ पासून आला. त्याआधी कंत्राटदार बदलला की खातं बदलायचं. २०१२ मध्ये गेलेल्यांची म्हणूनच दोन-दोन, तीन-तीन खाती पडून असू शकतात. पैसे काढायला फॉर्म १९, दहा वर्षांहून कमी सेवा असेल तर पेन्शनच्या रकमेसाठी १०सी. दावा सर्वांत जास्त अडतो तो मालकाने नोकरी सोडल्याची तारीख न भरल्यामुळे आणि आधारवरचं नाव रजिस्टरातल्या नावाशी न जुळल्यामुळे. दहा वर्षं पूर्ण झालेल्याने पेन्शनचा हक्क सोडू नये. वेगवेगळ्या खात्यांतली सेवा एकत्र जोडली तर अनेकांची दहा वर्षं भरतात.

ग्रॅच्युइटी: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. १३,००० पगार आणि १२ वर्षं म्हणजे ९०,००० रुपये. कायदेशीर ले-ऑफचे दिवस सेवेत धरले जातात. ‘बंदीचा काळ वजा’ हे चालत नाही. त्या वेळच्या नियमांनुसार अर्ज ‘आय’ नमुन्यात ३० दिवसांत करायचा होता, मात्र केवळ उशीर झाला म्हणून दावा बाद होत नाही.

तब्येत: कर्मचारी राज्य विमा योजना म्हणजे ईएसआय तेव्हा खाणींना लागू नव्हती. खाणीच्या त्या वेळच्या नियमांनुसार दर पाच वर्षांनी तपासणी आणि छातीचा एक्स-रे व्हायचा, त्याची नोंद फॉर्म ‘ओ’ मध्ये. धुळीचा आजार काम सुटल्यावर दहा-पंधरा वर्षांनीही वर येतो. तेव्हा हाच कागद लागतो. झारखंडला किंवा उत्तर कर्नाटकात परतलेल्या माणसाने पंधरा वर्षांनी तो मागायचा कुणाकडे? निघतानाच फॉर्म ‘ओ’ ची आणि फॉर्म ‘बी’ म्हणजे कामगारांच्या रजिस्टरातल्या आपल्या नोंदीची प्रत घ्यायला हवी होती. आता जिथे काम चालू आहे तिथे तरी ती आजच मागून ठेवा.

शिवाय सावर्डे, कुडचडे, उसगाव, डिचोली इथल्या खोल्यांचं भाडं, किराणा, खानावळ हे परप्रांतीयांवर चालत होतं. ते गेल्याने गावातल्या विधवेची दोन खोल्यांची मिळकत गेली. ‘त्यांचा’ प्रश्न असा वेगळा काढताच येत नाही.

‘सुरू करा, सगळं पूर्ववत होईल’

हे करून झालं आहे. २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. भरभराटीत गोव्यातून होणारी निर्यात पाच कोटी टनांच्या आसपास गेली होती. खाणी ऑगस्ट २०१५ पासून हळूहळू सुरू झाल्या आणि त्याच डिसेंबरमध्ये भाव ४० डॉलरखाली गेला. तो भाव ६२ टक्के लोह असलेल्या मालाचा. गोव्याचा बहुतेक माल ५८ च्या खालचा, त्याला त्याहून कमी. मर्यादेइतका माल निघाला तरी ट्रक पूर्वीएवढेच आणि फेऱ्या निम्म्याहून कमी, असा हिशेब होता. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून काम पुन्हा थांबलं.

नंतरचे पट्टे लिलावाने. पहिले चार ब्लॉक २०२२ च्या अखेरीस गेले, डिचोलीत उत्खनन २०२४ मध्ये सुरू झालं. विक्रीमूल्याच्या निम्म्याहून जास्त हिस्सा राज्याला देण्याच्या बोली लागल्या. सार्वजनिक तिजोरीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण इतकं देणारा पट्टेदार मोठी यंत्रं आणि कमी माणसं वापरणार हे उघड आहे, आणि जुन्या पट्टेदाराच्या कामगारांना घेण्याचं बंधन त्याच्यावर आपोआप येत नाही. ते हवं असेल तर लिलावाच्या अटींत लिहावं लागतं, लिलावाआधी.

मदतीचे निधीही मालाशीच बांधलेले आहेत. जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रॉयल्टीच्या ठरावीक टक्क्यांइतका वाटा, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उभारलेल्या कायम निधीला विक्रीच्या १० टक्के. उत्खनन थांबलं की जमा थांबते, म्हणजे गरज वाढते त्याच महिन्यात आवक आटते. म्हणून या पैशातला एक भाग मंदीसाठी राखून ठेवणं आणि तो कुठल्या पायरीवरच्या कुणाला मिळेल याची यादी, ड्रायव्हर-क्लिनरांसकट, तेजीतच तयार करणं हे शक्य आहे.

शिवाय बंद खाणीतही काम असतं. डंपच्या पायथ्याचे बांध, गाळ बसवण्याची तळी, खड्ड्यातल्या पाण्याचे पंप यांची डागडुजी दर वर्षी मे संपायच्या आत व्हावी लागते, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात लाल चिखल शेतात उतरतो. हे काम यंत्र चालवणाऱ्या आणि बांध घालता येणाऱ्या माणसांचं आहे. ती माणसं त्याच गावात घरी बसून आहेत.