अमूर्तालाही खण असतात

अमूर्त चित्रावरून मराठीत वाद पेटला की दोनच सूर लागतात. एक म्हणतो, हे पश्चिमेकडून उसनं आणलंय. दुसरा लगेच शून्य, ध्यान, झेन काढतो. इकडे अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये, अमूर्त चित्रकार जोसेफ आल्बर्सची चित्रं नाक लावून बघता येतात, आणि मग दोन्ही सूर बेताचेच वाटतात.

बाउहाउस ही जर्मनीतली कलाशाळा 1933 मध्ये बंद पडल्यावर आल्बर्स अमेरिकेत आला. 1935 पासून तो डझनाहून जास्त वेळा मेक्सिकोला गेला. तिथल्या मितला या प्राचीन स्थळाची दगडी नक्षी त्याच्या फोटोंत आहे. पण 1947 पासूनच्या 'व्हेरिअंट/अडोबी' मालिकेत आलं ते साधं घर: कच्च्या विटांची रंगवलेली भिंत आणि तीत शेजारीशेजारी दोन उभ्या चौकटी.

रंगांच्या खाली चौकोनांची आखलेली जाळी असते. पट्टे तिच्यावर बेतलेले, म्हणून रंगांची क्षेत्रफळं जवळपास सारखी भरतात. आपण घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, मोजायचो, तसाच हिशेब. मेसोनाइटच्या (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या) फळीवर पांढरं अस्तर, त्यावर ट्यूबमधला रंग शक्यतो न मिसळता सुरीनं. कुठला रंग कुठल्या कंपनीचा, ते फळीमागे लिहिलेलं. रंग एकमेकांवर न चढवता कडेला कड भिडवायचे. पारदर्शक पडदे एकावर एक आल्याचा भास होतो, तो बघणाऱ्याच्या डोळ्यात. नकला फसतात त्या इथेच: एक रंग दुसऱ्यावर चढला की कडेला उंचवटा राहतो, त्यावर उजेड पडतो आणि डोळा रंग सोडून रेघ धरतो. दोन रंगांचा उजळपणा सारखा झाला, तर उलट कडच विरते.

1950 पासूनच्या 'होमेज टू द स्क्वेअर'मध्ये भिंत गेली, माप राहिलं. एकात एक बसवलेल्या चार चौरसांच्या रचनेत बाजू 4, 6, 8, 10 एकक. प्रत्येक टप्प्याला खाली अर्धा, बाजूंना एकेक, वर दीड एकक जागा सुटते. म्हणून आतला चौरस जोत्यावर बसल्यासारखा खाली टेकतो.

घर बांधणारा गवंडी मात्र या चित्रांत कुठेच नाही. आधुनिकतेवरचा हा आक्षेप मला रास्त वाटतो. 'उसनं' म्हणणाऱ्यांनी तो धरला असता, तर वादाला धार आली असती.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं 2014 मध्ये आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे दाखवले आणि 2017 मध्ये आल्बर्सचा मेक्सिको. गायतोंड्यांना झेनची ओढ होती, हे खरंच. पण त्यांच्या हातात रोलर आणि सुरीही होती. रंग कुठे लावला, कुठे खरवडला, खालचा थर कुठून डोकावतो, एवढं तरी आधी बघावं. झेन काही पळून जात नाही.