काका, ते सांडलेलं नाहीये

"अरेरे, शाई सांडली वाटतं!" शेजारच्या काकांनी काल दारातूनच जाहीर केलं आणि फडकं शोधायला लागले.

सांडली म्हणे! माझं शाईचं अमूर्त चित्र होतं ते. या सांडण्याची तयारी आदल्या रात्रीपासून चालू होती. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम भरेल असा जाड) सुती कागद भिजवायचा, पाटावर पसरायचा, चारही कडा गमटेपनं चिकटवायच्या आणि तो वाळून ढोलकीसारखा ताणला जाईपर्यंत हात लावायचा नाही. हे टाळलं, की वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या पातळ शाईचा हात, पडताच कागदाला पोटं येतात आणि शाई खळग्यांत जाऊन बसते. वॉशला एक भाग शाई, दहा भाग पाणी. तेही डिस्टिल्ड. नळाचं पाणी जड असलं तर क्षारांमुळे शाईतले काजळीचे कण एकमेकांना बिलगतात आणि करडी छटा रवाळ होते. नव्या निबला गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेलकट थर दिलेला असतो. तो साबणानं पुसला नाही तर शाई निबवर टिकतच नाही, थेंब होऊन टपकते.

ते टपकणं म्हणजे सांडणं. हे नव्हे.

"मग हे गोल गोल काय?" काकांनी चष्मा वर केला.

"स्पिरिट. वॉशची चमक उतरायला लागली की थेंब सोडायचा. तो शाईला बाजूला ढकलतो, मधे फिकट डोळा उरतो. घाई केली तर डोळा बुजतो, उशीर केला तर उमटतच नाही."

"म्हणजे आपोआप होतं."

"आपोआप नाही हो!"

"पण तुम्ही काढलं नाही ना ते?"

यावर काय बोलणार? मी चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं नाव काढलं. 1980च्या दशकात त्यांनीही कागदावर शाईची अमूर्त चित्रं केली होती. काका म्हणाले, "त्यांचं वेगळं." मग त्यांनी पाट उचलून उलटा फिरवला. "आता बघा. आता बरं दिसतंय."

खरंच बरं दिसत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पण उजव्या कोपऱ्यात घट्ट शाईचं एक थारोळं होतं. असं थारोळं कडेकडून वाळतं. मधे वर साय धरते आणि खाली शाई तासन्‌तास ओलीच राहते. दिसायला मात्र अगदी वाळल्यासारखं. "वाळलं का?" म्हणत काकांनी त्यात अंगठा दाबला. साय फाटली. नंतर तोच अंगठा त्यांनी वरच्या कोऱ्या जागेवर टेकवला, कारण हात पुसायला दुसरं काही जवळ नव्हतं. फडकं त्यांच्याच खांद्यावर होतं!

ही शाई चपडीच्या लाखेत कालवलेली असते. एकदा वाळली, की पाण्यानं सुटत नाही. ब्लेडनं खरवडलं, की कागदावरचा सरसाचा थर जातो आणि पुढची प्रत्येक रेघ तिथे तंतूंमधून पाय पसरते. म्हणजे अंगठा कायमचा. लोक कोऱ्या जागेला रिकामी जागा समजतात, हेच मुळात चुकतं. चित्रात सगळ्यात जास्त जपलेली तीच असते, पण ती जपलेली दिसत नाही ना!

आज सकाळी काका पुन्हा आले होते. 'आपलं चित्र' फ्रेमला कधी देणार, विचारत होते.