एका पिंपातलं इथेनॉल

बार्शीकडच्या नातेवाइकांच्या तीन ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय: “तुराट्या जाळू नका. कोलीन क्लोराइड-युरियाचं ग्रीन सॉल्व्हंट झाडांपासून बनतं, एन्झाइमला धक्का लावत नाही. सगळं एकाच पिंपात टाका. धुणं नाही. टनाला ५०० लिटर इथेनॉल.”

सॉल्व्हंट म्हणजे तुराटीतले धागे सोडवणारं द्रावण. ते झाडांपासून? युरिया आपण पिकाला टाकतो तोच. कोलीन क्लोराइड कोंबडीखाद्यात असतं आणि कारखान्यात ते ट्रायमिथाइल अमाइन, इथिलीन ऑक्साइड यांच्यापासून बनतं. वाफ होऊन उडत नाही, पेट घेत नाही, म्हणून ग्रीन म्हणायचं. बाकी गंमत खरी आहे. दोन्ही पांढऱ्या पुडी, रेणूंच्या हिशेबात एकास दोन, गरम केल्या की मधासारखा रस होतो. युरिया एकटा १३३ अंशांना वितळतो, हे मिश्रण १२ अंशांपर्यंत गोठत नाही.

आता एन्झाइम. सेल्युलेज हे प्रथिन, तुराटीतल्या धाग्यांची, म्हणजे सेल्युलोजची, साखर करणारं; मग यीस्ट त्या साखरेचं इथेनॉल करतं. त्याची घडी ज्या हायड्रोजन बंधांवर उभी, तशाच बंधांनी तुराटीतले धागे एकमेकांना चिकटलेले असतात. जे द्रावण धागे सोडवतं, ते दाट असताना एन्झाइमची घडीही मोडू शकतं. युरियाऐवजी लॅक्टिक आम्ल घेतलं तर लिग्निन, म्हणजे धाग्यांना धरून ठेवणारा गोंद, जास्त निघतं, पण सामू (pH) इतका उतरतो की एन्झाइमचं लिंबू पिळलेलं दूध व्हायचं. शिवाय द्रावणाचं काम साधारण ८० ते १३० अंशांवर चालतं. सेल्युलेजला लागतात ५० अंश आणि ५ च्या आसपास सामू. म्हणजे निववा, पातळ करा, नाहीतर तुराटी धुवा.

एकच पिंप अगदीच थाप नव्हे. कोलीन आणि लायसिनचं द्रावण घेऊन प्रयोगशाळेत ते जमलंय. पण ते अल्कधर्मी, सामू खाली आणल्याशिवाय एन्झाइम चालत नाही. आणि धुतलं तर द्रावण परत मिळवायला तेच पाणी आटवायचं. ज्या सोलापुरात नळाची वाट चार-चार दिवस बघतात, तिथं “धुणं नाही” हे वाक्य लोकांना का आवडलं, ते कळतं.

राहिले ५०० लिटर. तुराटीत सेल्युलोज ४० टक्के धरा. टनामागे ४०० किलो, त्याचं ग्लुकोज ४४४ किलो, आणि एक कणही वाया न जाता इथेनॉल २२७ किलो, म्हणजे २८८ लिटर. उरलेल्या झायलोज या दुसऱ्या साखरेला तर साधं यीस्ट तोंडही लावत नाही. पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हाचा अंदाज होता वर्षाला २ लाख टन पेंढ्यातून ३ कोटी लिटर. भागाकार केला तर टनाला १५०.