‘राजकन्या म्हणून घेतलं आणि मुलीला रडवलं’ : अभिप्रायाला प्रकाशकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला, घरी जाऊन पुन्हा वाचला. उत्तर इथंच लिहिते आहे, कारण आणखी कितीतरी आईवडील तो वाचून पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवतील.

तुम्ही लिहिलंय की सात वर्षांच्या लेकीच्या वाढदिवसाला खऱ्या राजकन्यांवरचं आमचं पुस्तक घेतलंत. मुखपृष्ठावर मोर आणि महाल, आत मात्र आगीत भाजलेली जहाँआरा, किल्ल्यातली तिची कैद, लहान मुलं पदरात असताना विधवा झालेली प्रभावती. लेक रडली. रात्री झोपेना, सारखी विचारत राहिली, ‘तिला सोडवायला कुणीच आलं नाही का?’ शिवाय जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचं जन्मस्थान चुकलंय, कोपरा दुमडलेला आला, आणि परक्या राजकन्यांचं आपल्या मराठी मुलींनी करायचं काय, हेही तुम्ही विचारलंय.

आधी आमच्या चुका. गायत्रीदेवींचा जन्म १९१९ साली लंडनला झाला. आम्ही कूचबिहार छापलं. त्या तिथल्या राजघराण्यातल्या, म्हणून कुणीतरी गृहीत धरलं आणि तिन्ही प्रुफांत ते कुणाच्याच डोळ्यांना खटकलं नाही. शेवटचं प्रूफ मीच वाचते, तेव्हा चूक माझी. शिल्लक प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी घालायला घेतली आहे. कोपऱ्याचं म्हणाल तर आता पार्सलला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावतो.

मोठी चूक वयाची. पुस्तक नऊ वर्षांपुढच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. पण मलपृष्ठावर वय छापलंच नाही आणि विक्रीच्या यादीत ‘सहा वर्षांपुढे’ असं पडलं. सात वर्षांच्या मुलीने ते एकटीने वाचावं असं आम्हालाही कधी वाटलं नव्हतं. तुमच्या घरी त्या रात्री जे झालं ते आमच्यामुळे झालं. मनापासून माफी मागते. यादी आज सकाळी दुरुस्त केली आहे.

पण ‘दुःखाचं सगळं काढून टाका’ ही तुमची सूचना मला मानता येत नाही, आणि का ते नीट सांगायला हवं.

जहाँआराचं प्रकरण आम्ही एकदा आगीशिवाय लिहून पाहिलं होतं. शाहजहान आणि मुमताजची ही थोरली लेक, जन्म १६१४ चा. १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला आई गेली. सतरा वर्षांच्या जहाँआराकडे आईच्या संपत्तीचा अर्धा वाटा आला आणि बादशाही जनानखान्याचा कारभारही. सुरत बंदराचं उत्पन्न तिला मिळायचं, तिचं स्वतःचं जहाज होतं. दिल्लीतला चांदणी चौक तिने बांधवून घेतला, मधे पाण्याचा हौद, त्यात चंद्र दिसायचा. एवढं लिहून झालं आणि वाचलं, तर समोर उभी राहिली ती फक्त एक श्रीमंत मुलगी. आवडली, पण कळली नाही.

मग १६४४ चा प्रसंग परत घातला. दिव्याची ज्योत मलमलीच्या कपड्यांना लागली आणि क्षणात भडका उडाला. विझवायला धावलेल्या दासीही भाजल्या. कित्येक महिने ती अंथरुणाला खिळून होती आणि हिंदुस्थानचा बादशहा दरबारातला वेळ कमी करून लेकीच्या उशाशी बसत होता. आमच्या चित्रकार ताईंनी नेमकं तेच चित्र काढलं आहे. बापाच्या हातात औषधाची वाटी, पगडी बाजूला काढून ठेवलेली. चौदा वर्षांनी औरंगजेबाने त्याच बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं, तेव्हा जहाँआरा आपणहून त्याच्याबरोबर आत राहिली. उशाशी बसलेला बाप वाचला असेल तर ती का राहिली हे मुलांना सांगावं लागत नाही. आग काढली तर ते समजावून सांगायला मला अर्धं पान लिहावं लागतं, आणि तरी ते पोचत नाही.

प्रभावतीगुप्तेचंही तेच. आणि मराठी मुलींनी काय करायचं, याचं उत्तरही तिच्यातच आहे. ती गुप्त सम्राट चंद्रगुप्त (दुसरा) याची मुलगी, पण नांदली आपल्या विदर्भात, तिथं राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या घरी. नवरा, राजा रुद्रसेन (दुसरा), लवकर गेला. मुलं अजाण. मग नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, तिने राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडे मिळाला. त्याच्या मुद्रेवर ‘जनन्या युवराजस्य शासनम्’ असे शब्द आहेत. युवराजाच्या आईची ही आज्ञा! सोळाशे वर्षांपूर्वी एक बाई आपल्या नावाने गाव दान देते आहे, आणि लेखात आधी सांगते ती वंशावळ माहेरच्या गुप्तांची. ती विधवा झाली हे लपवलं, तर ही मुद्रा तिच्या हाती आली कशी हे मुलांना कोण सांगणार?

बडोद्याच्या इंदिराराजे तर आपल्याच. सयाजीराव महाराजांची लेक, लग्न ठरलेलं ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी, तयारी सुरू झालेली. १९११ च्या दिल्ली दरबाराला गेली, तिथं कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी मन जुळलं. तिने आईवडिलांना न सांगता शिंद्यांना स्वतः पत्र लिहून लग्न मोडलं. महाराजांना कळलं ते ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा : राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय? १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, आईवडील आले नाहीत. गायत्रीदेवी त्यांचीच लेक. हे प्रकरण लिहिताना मला सर्वांत जास्त आनंद झाला. तुमची लेक जरा मोठी झाली की तिला ते नक्की आवडेल असं वाटतं.

सोफिया दुलीपसिंगला तुम्ही ‘परदेशी’ म्हटलंय. ती पंजाबच्या शेवटच्या शीख महाराजांची मुलगी, राणी व्हिक्टोरियाची धर्मकन्या. इंग्लंडच्या राजघराण्याने लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यालगत दिलेल्या घरात राहायची आणि त्याच राजवाड्याच्या दारात उभी राहून बायकांच्या मताधिकाराचं वर्तमानपत्र विकायची. मत नाही तर करही नाही, म्हणून कुत्र्यांच्या परवान्याचे पैसेसुद्धा तिने भरले नाहीत. दंड झाला, तोही भरला नाही, तेव्हा तिची हिऱ्यांची अंगठी जप्त करून लिलावात काढली. सात वर्षांच्या मुलीलाही हे प्रकरण चालेल. तिथून सुरुवात करून बघा.

आता तुमच्या लेकीच्या प्रश्नाबद्दल. तो वाचून मी पुस्तक उघडलं आणि आमची आणखी एक उणीव दिसली. शाहजहान जानेवारी १६६६ मध्ये गेला. त्यानंतर जहाँआरा बाहेर आली. ज्या भावाविरुद्ध ती दुसरा भाऊ दारा शिकोह याच्या बाजूने उभी राहिली होती, त्याच औरंगजेबाने तिला पुन्हा ‘पादशाह बेगम’चा, म्हणजे बादशाहीतल्या पहिल्या स्त्रीचा, मान दिला. ती दिल्लीला स्वतःच्या हवेलीत राहिली, १६८१ पर्यंत. निजामुद्दीनच्या दर्ग्यात तिची कबर आहे, वर छप्पर नाही, दगडाच्या कडांमध्ये नुसतं गवत, कारण तिला तेच हवं होतं. आम्ही हे सगळं पानाच्या तळाशी एका ओळीत उरकलं आहे. सात वर्षांच्याच काय, अकरा वर्षांच्या मुलीच्याही नजरेतून ते निसटेल. नव्या आवृत्तीत त्याला एक पूर्ण पान देणार आहोत. हवेलीच्या गच्चीत बसलेल्या म्हाताऱ्या जहाँआराचं चित्र काढायला सांगितलं आहे.

ते पान सुटं छापून या आठवड्यात तयार होईल. कोपरा न दुमडलेली नवी प्रत आणि ते पान तुमच्या ऑर्डरच्या पत्त्यावर आमच्या खर्चाने पाठवते. जुनी प्रत परत करायची गरज नाही. पुस्तक नकोच असेल तर तसं कळवा, पूर्ण पैसे परत करीन, पण पान तेवढं लेकीला वाचून दाखवा. तिने विचारलंय, तिला उत्तर मिळायला हवं.