‘शेततळी बंद करा, बोअर द्या’ : जरा हिशेबानं बोलू

आठवडाभरात हा मजकूर आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीनदा येऊन पडला. लिहिणारा कोण, माहीत नाही. ऐवज असा: मराठवाड्यात पाऊसच पडत नाही, शेततळी भरतात ती मोटारीनं. त्यात जमीन जाते आणि पाणी उन्हानं उडतं. जलयुक्त शिवार या राज्याच्या पाणी अडवायच्या योजनेचे हजारो कोटी मातीत गेले, हे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनंच सांगितलं. म्हणून अनुदानाची खैरात थांबवा आणि त्या पैशात प्रत्येकाला एक बोअर पाडून द्या.

यातलं अर्धं वाक्य खरं आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

‘पाऊसच पडत नाही.’ 2016 आठवा. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं, त्याचं मात्र कुणाला काही नाही. आपल्याकडे पाऊस पडतो, पण चार दिवसांत बदाबदा कोसळतो आणि मग तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. तोही नेमका सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी. एका एकरावर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे 4 हजार लिटर पाणी. 50 मिलीमीटरच्या एका दणक्यात 2 लाख लिटर पडतं. त्यातलं बरंचसं बांध फोडून, माती घेऊन ओढ्याला जातं. अडवायचं आहे ते हे.

‘जमीन जाते, पाणी उडतं.’ 30 बाय 30 मीटरचं तळं म्हणजे 9 गुंठे, भराव धरून दहा-बारा. खोली 3 मीटर, बाजूंना उतार, म्हणजे पोटात साधारण 22 लाख लिटर. निम्मं उडालं-झिरपलं असं धरा (झिरपलेलं खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीला जातं, ते वाया गेलं असं मी तरी म्हणणार नाही). तरी 11 लाख उरतं. दोन इंचांचं एक पाणी द्यायला एकरी 2 लाख लागतात. पाच एकरांना एक पाणी झालं, तुषार सिंचन लावलं तर त्याहून जास्त. उन्हाळ्यापर्यंत साठवून ठेवलं तर ते उडणारच, पण ऑगस्टमध्ये पाऊस खंड देतो तेव्हा वापरलं तर उडायला वेळ मिळतोच कुठे?

कॅगचं म्हणाल तर, 2020 च्या अहवालात 9 हजार 600 कोटींवर खर्च होऊनही भूजल वाढण्यात फारसा फरक पडला नाही असं आहेच. देखभालीबद्दलही ताशेरे आहेत. पण काय केलं म्हणून फरक पडला नाही, हेही विचारा. कित्येक गावांत जेसीबी थेट नाल्यात उतरला आणि वरचा माथा तसाच उघडा राहिला. डोंगरावर पाणी अडवणारे चर नाहीत, शेतात बांधबंदिस्ती नाही, मग पहिल्याच पावसात खोल केलेला नाला गाळानं भरणारच. जालन्याजवळच्या कडवंची गावात 1996 पासून माथा ते पायथा, म्हणजे आधी डोंगर, मग शेत, शेवटी नाला या क्रमानं काम झालं. तिथले द्राक्षमळे जाऊन बघा, मग ‘मातीत गेले’ म्हणा.

आता बोअर. इथं मी जरा चिडूनच बोलणार, कारण आमच्या घरानं ती हौस दोनदा फेडलीय. जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा केला, वडिलांनी हातातले पैसे घातले, वर उसनवारी केली. दीडशे फुटांवर थोडी ओल लागली, बोअरचा गाडीवाला म्हणाला, ‘अजून जाऊ.’ पाचशे फुटांपर्यंत नुसती करडी धूळ. अंगणातली तुळस पांढुरकी झाली तेवढीच. आपल्याखाली काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि झिजलेला, भेगाळलेला थर. त्याखाली एखादी फट लागली तर लागली, आणि तिच्यातलं पाणी कित्येक वर्षांचं जुनं. उपसलं की लवकर भरून येत नाही. म्हणून तर राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरच्या खाली जायला मनाई केली. तो कायदा कुणी पाळत नाही, ही गोष्ट वेगळी. पण सरकारनंच पैसे देऊन तो मोडावा? आणि प्रत्येकाला बोअर दिलं तरी ओढणार सगळे एकाच रांजणातून. ज्याचा नळा खोल, त्याचं पाणी.

आणि नेमक्या याच कारणानं ‘मोटारीनं भरतात’ हा टोला मला मान्य आहे. अस्तराचा कागद अंथरलेली कित्येक तळी जानेवारीत काठोकाठ दिसतात, ते काही पावसाचं पाणी नाही. सामाईक पाणी विहिरीतून उपसून उन्हात खासगी टाकी भरायची, हा तो प्रकार. पण त्यावर इलाज अनुदान बंद करणं नव्हे, त्याला अट घालणं. वाहून येणारं पाणी आत घेणारं तोंड आणि त्याआधी गाळ अडवणारा खड्डा असेल तरच पैसे. शेजारच्या बांधबंदिस्तीलाही त्यातलाच वाटा. आणि थोडी रक्कम आधी हातात. शेततळ्यांच्या 2016 च्या योजनेत कमाल 50 हजार मिळायचे, तेही खोदून झाल्यावर. तोवर जेसीबीवाल्याला थोपवून धरायला ज्याच्याकडे पत आहे, त्याचंच तळं होतं.

आमच्या शेजारच्या तळ्याची तपासणी मी उभा राहून पाहिली. साहेबांनी टेप लावून लांबी, रुंदी, खोली घेतली आणि मालकाला काठावर उभं करून फोटो काढला. त्याच्या पायाशी विहिरीवरून आलेला तीन इंची पाइप तळ्यात सोडलेला होता. साहेब तो ओलांडून गाडीकडे गेले.